बाड्यावर वन्सं

वन्सं अकरा दिवसांत सात देश करून आल्या
आणि महिन्याभरात आमच्याकडे, लश्करला.
साडीखाली तेच पांढरे बूट,
कमरेला तोच पट्ट्याचा पाउच,
पासपोर्टच्या जागी आता गुडघ्याच्या गोळ्या.
म्हणाल्या, "तुमच्याकडे बघायचं काय असतं गं?"

म्हटलं, चला बाड्यावर.
बत्तीस वर्षं मी मुलींना भूगोल शिकवला,
नकाशावर छडी टेकवून: रोम इथे, लंडन इथे.
स्वतः झाशीच्या पुढे तीनदा गेले असेन,
त्यातही एकदा चुकून,
गाडीत डोळा लागला म्हणून.

ई-रिक्षावाल्यानं पोस्टापाशी उतरवलं.
चौकात उभी राहून मी हात फिरवला:
हे खांब रोमन, म्हणतात. त्या कमानी इटालियन,
की इटालियन ती पलीकडची?
दर पाहुण्याला मी वेगळं सांगते,
अजून कुणी तक्रार केलेली नाही.
सात तऱ्हेच्या इमारती आहेत, वन्सं, मोजा.
व्हिसा लागत नाही,
फक्त त्या सांडाला वळसा घालून या.

वन्सं मोजत गेल्या आणि पाचावर अडकल्या,
कारण सहावीच्या पुढ्यात नायट्या टांगलेल्या,
लाल, हिरव्या, जांभळ्या,
वाऱ्यानं फुगून खांबांएवढ्या झालेल्या.
"तिकडे चौकात कबुतरं असतात."
मी वर बोट दाखवलं.
"तिकडे बसून कॉफी पितात. पाचशेला एक."
मी दहा रुपयांचा कुल्हड हातात दिला.
त्या गप्प झाल्या,
हरल्यासारख्या नव्हे,
हिशेब करणारी बाई गप्प होते तशा.

मग खरेदी.
टोपी बाजारात त्यांनी टोपीच विचारली.
पुढे ब्लाउजपीस, मोरपिशी.
"हा मोरपिशी नाही हो, हा शेवाळी."
"माताजी, बाहर धूप में देख लो."
बाहेर उन्हात तो खरंच मोरपिशी.
आत आणला की शेवाळी.
त्या मराठीत भाव पाडत होत्या,
तो हिंदीत नाही म्हणत होता,
दोघांचं व्यवस्थित चाललं होतं.
अर्धा किलो गजक, एक पुरणाची चाळण,
सुनेला बांगड्या, मापाच्या अंदाजानं.

आणि मग त्यांना हवं झालं ते काही मिळेना.
"इथली आठवण गं. फ्रिजला चिकटवतात तसं.
या चौकाचं चित्र असलेलं."
सहा दुकानं हिंडलो. लोकांनी ताजमहाल काढून दाखवला.
एक म्हातारा स्टेशनरीवाला चष्मा पुसत म्हणाला,
"बाड़े का? बाड़ा तो सामने ही खड़ा है."

परत येताना हातगाडी लागली,
कुलपं, नेलकटर, नाड्या घालायच्या सुया,
आणि त्यांच्यात, कडीला लोंबणारा, आयफेल टॉवर.
वन्संनी पाउचची चेन ओढली.
त्यांच्या किल्ल्यांनाही तोच,
खुद्द टॉवरखाली उभं राहून घेतलेला, पाच युरोला.
दोन्ही तळहातावर शेजारी ठेवले.
दोघांचाही डावा पाय
एकाच ठिकाणी आत मुडपलेला.

"कितने का?"
"बीस."

मला वाटलं, आता यांचं तोंड उतरणार.
पण त्या हसल्या, पाउच हलेपर्यंत हसल्या,
"अगं, हा इथून तिकडे गेला की तिथून इकडे?"
गाडीवाल्या पोराला वाटलं भाव जास्त झाला.
"चलो, पंद्रह."

मी घेतला.
कोठीच्या किल्लीला लावला, डाळ काढताना वाजतो.
वन्सं नाशिकहून फोन करतात
तेव्हा तब्येतीच्या आधी विचारतात,
"तुमचा टॉवर काय म्हणतो?"
उभा आहे, मी सांगते.
पाय तेवढा दुखतो.